दोन जावा आणि एक पाण्याची बंदूक

माझं आणि माझ्या धाकट्या जावेचं दोन वर्षं पटत नव्हतं. पटत नव्हतं म्हणजे रोज भांडणं होत होती असं नाही. भांडायला निदान बोलावं तरी लागतं, आणि आम्ही बोलतच नव्हतो. घर दोन मजल्यांचं. खाली मी आणि माझा नवरा, वर दीर आणि ती. जिना एक, अंगण एक, गच्चीवरची पाण्याची टाकी एक. त्या टाकीवरूनच सगळं पेटलं.

टाकीत पाणी चढवायची मोटार एका दुपारी दोन-तीन तास कोरडीच चालत राहिली आणि जळाली. घरभर जळका वास सुटला. मी जिन्यात उभी राहून वर ओरडले, "बटण कुणी चालू ठेवलं?"

धाकटी वरून म्हणाली, "मी नाही ठेवलं."

"मग काय भुताने ठेवलं? विसरायची सवय कुणाला आहे ते सगळ्या घराला माहीत आहे."

"ताई, मी विसरते. पण मी खोटं बोलत नाही."

"आत्ता बोलतेयस की!"

शब्दाने शब्द वाढला. त्या दिवसापासून आमच्यात विस्तव जात नव्हता. अंगण धुवायच्या पाळ्या लागल्या, त्यांचा कागदच जिन्यात चिकटवला. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचे, बाकीचे माझे. तिच्या दिवशी अंगणात पान पडलं तरी मी ओलांडून जायची, उचलायची नाही. एवढ्याशा अंगणावरून आम्ही एकमेकींचं तोंड बघत नव्हतो, आणि पुढे जगाची अंगणं धुवायला दोघी मिळून निघणार होतो, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मोटार जळून वर्ष झालं असेल, तेव्हा माझा नवरा एकदा दाढी करता करता सहज म्हणाला, "ती मोटार तेव्हा बहुतेक मीच चालू ठेवली होती गं. लावली आणि मग माझा डोळा लागला."

एवढंच. त्याने तोंड धुतलं, मी कपडे वाळत घातले. खरं तर तेव्हाच्या तेव्हा वर जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उद्या सांगू म्हटलं. मग म्हटलं, आता इतके दिवस झाले, आता उकरून कशाला काढायचं? असं करत आणखी एक वर्ष गेलं. मी जिना चढउतार करताना ती समोरून आली की आता ती मान वळवायच्या आधी मीच वळवायला लागले होते.

माझा दीर एका गोदामात कामाला होता. माणूस हाताचा कसबी. कुठलंही यंत्र उघडून पुन्हा जसंच्या तसं जोडणारा. दुसऱ्याची खोकी मोजून त्याला कंटाळा आला होता. त्याने जोराने पाणी मारून सफाई करायचं एक मशीन घेतलं. एका बाजूने त्याला नळाचं पाणी द्यायचं, दुसऱ्या बाजूला बंदूक, आणि त्या बंदुकीतून पाणी असं सुटतं की फरशीवरचं वर्षानुवर्षांचं शेवाळ, धुराची काजळी, गाड्यांच्या तेलाचे डाग उठून येतात. "आपला छोटासा धंदा करायचा, वहिनी," तो मला म्हणाला होता. तो माझ्याशी बोलायचा. भांडण जावाजावांचं होतं, दीर-भावजयीचं नव्हतं. त्याने नोकरीचा राजीनामा दिला, एक कामही ठरवलं, आणि नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात गोदामातल्या शिडीवरून पडला.

पाठीच्या मणक्याला मार बसला. देवाची कृपा म्हणायची की पाय चालत होते. पण डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कमरेचा पट्टा काढायचा नाही. मशीन जिन्याखाली खोक्यात पडून राहिलं. येता-जाता मला त्याची ठेच लागायची.

एका सकाळी दार वाजलं. उघडलं तर धाकटी. हातात मशीनची माहिती पुस्तिका, बोट एका पानात अडकवलेलं.

"ताई," ती म्हणाली. दोन वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता. "मशीन एकटीला उचलत नाही."

"कुठलं मशीन?" मी म्हटलं. सरळ उत्तर दिलं असतं तर माझं काय बिघडलं असतं कोण जाणे.

"जिन्याखालचं. ह्यांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काम घेतलं होतं. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, रविवारी येणार असाल तर या, नाहीतर मी दुसरं कुणी बघते. हे म्हणाले, नाही म्हणून सांग." तिने पुस्तिका मिटली. "मी हो म्हणून सांगितलंय."

"आणि येतं का तुला ते?"

"नाही. पण वाचलंय सगळं. दोनदा."

मी एका चष्म्याच्या दुकानात एकोणीस वर्षं काउंटरवर होते. मालकाने दुकान बंद केलं त्याला वर्ष झालं होतं. त्या सकाळी मी चमच्यांचा कप्पा तिसऱ्यांदा लावत होते. तिच्याशी बोलत नसले तरी चमच्यांशी बोलायची वेळ माझ्यावर आलीच होती.

"थांब," मी म्हटलं. "चपला घालते."

सराव आमच्याच अंगणात केला. दीर वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसला, कमरेला पट्टा, हातात काठी, आणि तिथून त्याची शाळा सुरू झाली.

"वहिनी, आधी नळ! नळ सोडा. आता बंदुकीचा घोडा दाबून धरा. बटण नाही, बटण नाही! आधी आतली हवा जाऊ द्या. पाणी सलग यायला लागलं? आता लावा बटण."

मी बटण लावलं. मशीन गुरगुरलं. मी घोडा दाबला आणि बंदुकीने मला असा मागे धक्का दिला की मी स्वतःभोवती अर्धी गिरकी घेतली. त्या अर्ध्या गिरकीत कोपऱ्यातली गुलाबाची कुंडी आडवी झाली आणि दोरीवरचं माझ्या नवऱ्याचं बनियन उडून शेजाऱ्यांच्या भिंतीला जाऊन चिकटलं. नवरा दारात चहाचा कप घेऊन उभा होता. त्याने बनियनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

धाकटी हसू दाबत होती. मला दिसलं. मीही दाबत होते, तेही तिला दिसलं असावं.

"दोन्ही हातांनी धरा!" वरून आवाज आला. "एक पाय पुढे. आणि जमिनीपासून हातभर लांब. जवळ नेऊ नका, फरशी सोलून निघेल."

चार दिवसांत आम्ही बऱ्याच गोष्टी शिकलो. साबण खालून वर लावायचा, धुवायचं वरून खाली. पाण्याने जिथे काम होतं तिथे साबण नाही. मशीन बंद केल्यावर घोडा पुन्हा दाबून पाइपात अडकलेला जोर सोडून द्यायचा, नाहीतर पाइप काढताना तो तोंडावर फुटतो. बंदुकीच्या टोकाला लावायची पाच तोंडं होती, पाच रंगांची. पांढरं सगळ्यात मऊ, पंख्यासारखं पसरणारं. हिरवं रोजच्या कामाचं. पिवळं चिवट डागांना. काळं साबणाचं. आणि लाल.

"लाल म्हणजे सुई आहे," दीर म्हणाला. "सगळा जोर एका टोकाला. त्याने लाकूड कापलं जातं, पायाचं बोट कापलं जाईल. ते डबीतच राहू द्या."

रविवारी आम्ही निघालो. मशीनला चाकं होती, म्हणून ढकलतच नेलं. डॉक्टरीणबाईंचं घर चार रस्ते पलीकडे. मी नवऱ्याची जुनी पँट दोरीने बांधून गमबुटात खोचली होती. धाकटीच्या खांद्यावर पाइपाचं वेटोळं. रस्त्यातली माणसं वळून वळून बघत होती. "बघू दे," धाकटी म्हणाली. "फुकट जाहिरात."

डॉक्टरीणबाई फाटकातच भेटल्या. उंच, केस अगदी आखूड, बोलणं मोजकं. आमच्याकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ते गृहस्थ येणार होते ना?"

"त्यांची पाठ दुखावली आहे," धाकटी म्हणाली. "मी त्यांची बायको. ह्या माझ्या मोठ्या जाऊबाई."

"बरं. पायऱ्या नीट करा. माझे वडील त्यावरून दोनदा घसरलेत. आत पेशंटची कागदपत्रं बघत बसलेय, काही लागलं तर हाक मारा."

फाटकापासून दारापर्यंत फरशीची वाट, मग पाच पायऱ्या, बाजूला एका झाडाखाली लाकडी बाक. वाटेवर शेवाळाचा काळपट थर, बुळबुळीत, जणू फरशीचा रंगच तो. बाकावर त्यांचे वडील बसले होते, पांढऱ्या भुवयांचे, मांडीवर वर्तमानपत्र. पाणी उडायला लागल्यावर ते उठले आणि वर्तमानपत्र बाकावरच ठेवून, औषधाची वेळ झाली म्हणत आत गेले.

पहिला पट्टा मी मारला. हिरवं तोंड, हातभर अंतर, डावीकडून उजवीकडे. पाणी काळं होऊन वाहायला लागलं आणि त्याच्या खालून फरशी निघाली. विटेसारखी लाल. आम्ही दोघी बघतच राहिलो.

"अगं बाई, ही लाल आहे!" धाकटी म्हणाली.

मग आम्हाला चेवच चढला. दर अर्ध्या तासाने बंदूक हातातून हातात जायची. एक पाणी मारायची, दुसरी पाइप ओढायची आणि चिखल गटाराकडे लोटायची. पायऱ्या धुतल्या, त्यांच्या कडा स्वच्छ झाल्या. अंगावर थेंब थेंब घाण उडालेली, केस ओले, बूट आतून पचपच वाजताहेत, आणि मला इतकं बरं वाटत होतं! चष्म्याच्या दुकानात एकोणीस वर्षांत माझ्या हाताने एवढा दिसण्यासारखा फरक कधी पडला नव्हता.

शेवटी बाक राहिला. तो धुवायला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्याच्या हातावर झाडाचा चीक गळून एक काळा, टणक डाग बसला होता आणि लख्ख वाटेशेजारी तो फारच डोळ्यांत खुपायला लागला. धाकटीने पांढरं तोंड लावून पाहिलं, हिरवं लावून पाहिलं. डाग तसाच.

"राहू दे," ती म्हणाली.

"अगं, लाल लावून बघ ना," मी म्हटलं. "जरासं. लांबून."

तिने माझ्याकडे पाहिलं. "हे म्हणाले होते..."

"एक सेकंद. काही होत नाही."

होय, मीच म्हटलं. तिने लाल तोंड लावलं, लांब उभी राहिली, घोडा दाबला. डाग खरंच उडाला. पण बंदुकीचं टोक जरा हललं, आणि बाकाच्या हातापासून पाठीपर्यंत एक पांढरी रेघ उमटली. वीतभर लांब. पॉलिश फाडून पाणी लाकडात घुसलं होतं, ताज्या जखमेसारखं आतलं लाकूड दिसत होतं.

मशीन बंद झालं. एकदम इतकं शांत झालं की झाडावरून टपटपणारं पाणी ऐकू येत होतं. पहिलंच काम, आणि आम्ही मालकाचा बाक चिरला.

मी आजूबाजूला पाहिलं. खिडकीत कुणी नाही. दारात कुणी नाही. आणि मग मी काय केलं, तर बाक धुताना बाजूला काढून ठेवलेलं वडिलांचं वर्तमानपत्र उचललं आणि त्या रेघेवर नीट पसरून ठेवलं.

"ताई, काय करताय?"

"हळू बोल. आवरू या पटापट. त्यांना संध्याकाळपर्यंत दिसणार नाही. दिसलं तरी म्हणतील, जुनंच असेल."

धाकटीने वर्तमानपत्र काढून माझ्या हातात दिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण ती पायऱ्या चढली आणि तिने दारावरची घंटा वाजवली.

"बाई," डॉक्टरीणबाई बाहेर येताच ती म्हणाली, "माझ्या हातून तुमचा बाक खराब झाला. चुकीचं तोंड लावलं मी. या, दाखवते."

मी तिथे चिखलात उभी होते, हातात ते भिजकं वर्तमानपत्र. आणि मला दुसरं तिसरं काही नाही, जिन्यातून वर पाहत ओरडणारी मीच आठवले. मी विसरते, पण मी खोटं बोलत नाही, असं ती म्हणाली होती. आता तर कुणी विचारलंही नव्हतं. तरी ती स्वतः घंटा वाजवून सांगत होती.

डॉक्टरीणबाई बाकापाशी वाकल्या. एखाद्याने आ करावा आणि त्यांनी आत बघावं तसं त्या रेघेकडे बघत होत्या. मग नखाने तिची खोली चाचपली.

"तिने आपल्या मनाने नाही लावलं," माझ्या तोंडून निघालं. "ती नको म्हणत होती. लाल लाव असं मी सांगितलं. आणि हे वर्तमानपत्रही झाकायला मीच ठेवलं होतं."

धाकटीने वळून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनीही पाहिलं. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

"दोन मिलिमीटर," बाई म्हणाल्या. "मुळापर्यंत गेलेलं नाही. भरता येईल."

मला वाटलं, त्या चिडून टोमणा मारताहेत. पण त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "बाबा, लाकडात काय भरतात?"

वडील पायऱ्या उतरून आले. उतरताना तिसऱ्या पायरीवर थांबले, पाय घासून पाहिला, घसरत नाही म्हटल्यावर पुन्हा घासून पाहिला, आणि मग खाली आले. "लाकडाचाच बारीक भुसा," ते म्हणाले. "डिंकात कालवून. काय झालं?" त्यांनी रेघ पाहिली आणि भुवया वर केल्या. "बापरे! पाण्याने? निव्वळ पाण्याने?"

"हो," धाकटी म्हणाली. तिला रडू येईल असं वाटत होतं.

"हा बाक मीच केलाय," ते म्हणाले. "शाळेत सुतारकाम शिकवायचो. हे बघा, इथे सांधा उघडा राहिला. हा पाय बोटभर आखूड, खाली चकती लावलीय. इथे रंधा घसरला होता, तेव्हा माझ्यामागे वर्ग हसत होता. या बाकात माझ्याच सात-आठ चुका आहेत. त्यात तुमची एक." मग ते लेकीकडे वळले. "पॉलिश तर चार वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. तूच म्हणालीस ना, बाबा, तुम्ही आता वाकू नका?"

"म्हणालेच होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग मी नाही वाकत. या दोघी वाकतील. मी बसून सांगतो."

माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरीणबाईंचं तोंड अजून गंभीरच होतं. "पुढच्या वेळी जे सांगितलं नाही ते करायच्या आधी विचारा," त्या म्हणाल्या.

"विचारू," आम्ही दोघी एकदमच म्हणालो. पुढची वेळ, हे शब्द त्यांनी स्वतःहून वापरले होते, हे मला मशीन आवरताना लक्षात आलं.

परतताना मी मशीन ढकलत होते. दुसऱ्या वळणावर मला पाऊल पुढे टाकवेना. तिथे एका बंद दुकानाची पायरी होती. मी मशीन उभं केलं आणि तिथे बसले.

"दमलात?" धाकटीने विचारलं.

"बस जरा. मला काही सांगायचंय."

ती पाइप खांद्यावरून न उतरवताच बसली.

"ती मोटार," मी म्हटलं. "तू चालू ठेवली नव्हतीस. ह्यांनी ठेवली होती. त्यांनीच मला सांगितलं."

"कधी?"

"वर्ष झालं."

एक सायकलवाला गेला. एक बाई कुत्रा घेऊन गेली. मग ती हळूच म्हणाली, "वर्षभर तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"वर्षभर मी खाली उतरताना तुमच्या दाराकडे बघायचे. वाटायचं, आज तरी म्हणतील, जाऊ दे झालं ते. आणि तुम्हाला माहीत होतं?" तिचा आवाज चढला. "माहेरी मी सांगितलं नाही, ह्यांना सांगितलं नाही की मला किती लागलं ते. रात्री मीच मला विचारायचे, खरंच आपण ठेवलं असेल का चालू, आणि विसरलो असू? मला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला होता, ताई!"

हे मला सुचलंही नव्हतं. ती माझ्यावर रागावली असेल एवढंच मी धरून चालले होते. ती स्वतःवर संशय घेत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "सांगायची लाज वाटत होती. जितके दिवस गेले तितकी जास्त वाटायला लागली."

तिने तोंड फिरवलं आणि रडली. चांगली हुंदके देऊन. मी तिच्या पाठीवर हात ठेवू का नको करत राहिले आणि शेवटी ठेवला. तिने तो झटकला नाही. मग नाक पुसलं तर हातावरचा चिखल नाकाला लागला. मी पदराने पुसायला गेले तर अंगात पँट, पदर कुठला? ते बघून तिला रडता रडता हसू फुटलं.

"राग गेलेला नाही माझा," ती म्हणाली.

"बरोबर आहे."

"पण हायसं वाटतंय," ती म्हणाली, आणि एक लांब श्वास सोडला. "मी नव्हते. मला वाटतच होतं, मी नव्हते."

मलाही हायसं वाटत होतं, पण ते बोलून दाखवायचा मला हक्क नव्हता. मी उठून मशीन ढकलायला लागले. घरी गेल्यावर नवऱ्याला म्हटलं, "वर जा आणि सांगून ये." त्याने काय सांगायचं म्हणून विचारलं नाही. गेला. बऱ्याच वेळाने परत आला, डोळे जरा लाल, आणि म्हणाला, "पाळ्यांचा कागद फाडला तिने." म्हणजे अंगण धुवायच्या.

पुढचे तीन दिवस दुपारी आम्ही पॉलिशपेपरने बाक घासायला गेलो. वडील खुर्चीत बसून सांगायचे, "रेषेच्या दिशेने घासा, आडवं नाही. दाबू नका, कागदाला काम करू द्या." भुसा डिंकात कालवून आम्ही रेघ भरली, वाळल्यावर घासली, पॉलिशचे दोन हात दिले. रेघ पूर्ण गेली नाही. उजेडात बघितलं तर फिकट दिसायची. वडील म्हणाले, असू दे. त्याच तीन दिवसांत त्यांनी शेजारच्या दोन घरांना आणि पलीकडच्या वाचनालयाला आमचा नंबर देऊन टाकला. "चूक केली तर स्वतः सांगतात," असं त्यांनी वाचनालयाच्या बाईंना सांगितल्याचं आम्हाला नंतर कळलं. जाहिरात म्हणून ते जरा विचित्रच होतं, पण चाललं.

कामं यायला लागली. वाचनालयाचा मागचा चौक, एका गॅरेजची तेलकट जमीन, एका शाळेचा उतार. धाकटीला भिंती छान जमायच्या, मला जमीन. लाल तोंड डबीत बंद करून डबी दिराच्या स्वाधीन केली. दीर घरून फोन करून विचारायचा, गाळणी धुतली का? पाइपाला पीळ तर पडला नाही ना?

मग तीन महिने झाले आणि डॉक्टरांनी त्याचा पट्टा काढला.

त्या दिवशी सगळ्यांना आनंद झाला, आणि धाकटी मात्र गप्प गप्प. मी जिन्यात गाठून विचारलं, "काय झालं?"

"मशीन ह्यांचं आहे, ताई. धंदा ह्यांचा. आता हे जाणार. मी पुन्हा घरात, तुम्ही पुन्हा चमचे लावत." ती घाईघाईने पुढे म्हणाली, "मला ह्यांची पाठ बरी झाली त्याचं वाईट नाही वाटत हो! खरंच नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. मलाही तेच वाटत होतं आणि मीही ते कुणाला सांगितलं नव्हतं. पण या वेळी मी वर्ष घालवलं नाही. तशीच वर गेले आणि दिराला म्हटलं, "भाऊजी, तुम्ही बरे झालात, फार बरं वाटलं. पण आम्हा दोघींना हे काम सोडायचं नाही. आधीच सांगून ठेवते."

तो बूट घालत होता. वाकून बूट घालता येतोय याचाच त्याला आनंद झालेला दिसत होता. "आधी मला एकदा करून तर बघू द्या, वहिनी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एका दवाखान्याचं आवार होतं. तो आमच्याबरोबर आला. बंदूक हातात घेतली, पाय रोवले, घोडा दाबला. माणूस यंत्रातला दर्दी, पट्टा सरळ आला. पण पाच-सहा मिनिटांनी त्याने बंदूक खाली केली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"दुखतंय का?" धाकटीचा जीव घाबरा झाला.

"दुखत नाहीये. पण धक्का बसतो ना, तो नेमका तिथेच जातो." त्याने फरशीकडे पाहिलं. "आणि पट्टे बघ माझे, चट्टेपट्टे दिसताहेत. तुमच्या हाताला कसा एकसारखा रंग येतो?"

"अर्धा पट्टा आधीच्या पट्ट्यावर घ्यायचा," धाकटी म्हणाली. "पुस्तिकेत आहे."

"पुस्तिका कोण वाचतं?" तो म्हणाला आणि बंदूक तिच्या हातात दिली. "मी फोन घेतो, मशीन सांभाळतो. महिन्याभरात दुसरं एक जोडून देतो, जुन्या पंपाचं. पाणी तुम्हीच मारा."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. "मनापासून म्हणताय?"

"अगदी मनापासून. पडलो त्या दिवसापासून मला एकच धास्ती होती, की नोकरी सोडली, मशीन घेतलं, आणि सगळं माझ्या पाठीवर अडून बसलं. आता नाही अडलेलं. तुला कळतंय का, मला किती मोकळं वाटतंय ते?"

तिने बंदूक खांद्याला लावली आणि माझ्याकडे पाहून हसली. मी नळ सोडला.

दुपारी काम संपत आलं तेव्हा दवाखान्याचा पहारेकरी बाहेर आला. पायाखालची जमीन बघत, जरा जपून चालत. त्याला मागच्या बाजूचीही सफाई करून हवी होती.

"मालक कोण आहेत?" त्याने दिराला विचारलं.

"त्या दोघी," दीर म्हणाला. "मी पाइप गुंडाळतो."